बॅकवॉटरलगतचा प्लॉट घेण्याआधी जेटीपुरती पाण्याची खोली कशी तपासावी?

कोथरूडचा_नावाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पानशेत धरणाच्या बॅकवॉटरलगतचा 20 गुंठ्यांचा एक एनए (बिगरशेती) प्लॉट सध्या आमच्या विचाराधीन आहे. दिवाळीनंतर आम्ही तो पाहायला गेलो, तेव्हा पाणी प्लॉटच्या खालच्या बांधापासून अगदी हाकेच्या अंतरावर होते आणि काठावरून दगड टाकला तर तो दिसेनासा होईल इतके ते खोलही वाटत होते. एजंटच्या जाहिरातीत ‘लेक टच’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि पाणी बारा महिने असते, असे तो छातीठोकपणे सांगतो.

माझ्या मेहुण्यांकडे शिडाची एक लहान होडी आहे. माझा विचार वल्हवायची एक होडी आणि पुढे जमल्यास लहान आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर घेण्याचा आहे. म्हणजे प्लॉटचा अर्धा हेतू जेटी हाच आहे आणि ती होणार नसेल, तर त्याच पैशांत डोंगराकडचा दुसरा प्लॉट मिळतो. जेटीच्या टोकाशी किती खोली लागते, ती आमच्यासारख्या सामान्य माणसाने कशी तपासावी आणि परवानगीचे काय, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती. इसाराची रक्कम अजून दिलेली नाही.

ओळंबा

इसार दिलेला नाही, हे फार बरे झाले. मी सर्वेक्षणाचे काम करतो, त्यामुळे मोजणीपुरते सांगतो.

धरणाच्या पाण्याची खोली विचारताना तारीखही सांगावी लागते. आपण नोव्हेंबरात पाहिलेले पाणी हे वर्षातल्या जवळपास सर्वांत भरलेल्या दिवसांतले होते, कारण पावसाळा संपताना ही धरणे काठोकाठ असतात आणि तेथून पुढे जूनपर्यंत पातळी उतरतच जाते. तेव्हा आपल्याला शोधायची आहे ती जेटीच्या जागेवरच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची. ती एकदा हाती आली की कोणत्याही तारखेची खोली घरबसल्या वजाबाकीने काढता येते.

त्यासाठी ज्या दिवशी मोजायला जाल, त्या दिवशीची जलाशयाची पातळी धरणावरच्या कार्यालयातून मीटरमध्ये विचारून घ्या. पाणीसाठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रात येते, पण तिचा येथे उपयोग नाही, आपल्याला पातळीच हवी. मग होडीतून काठाला काटकोनात जात दर 5 मीटरवर खोली मोजा. त्या दिवशीच्या पातळीतून मोजलेली खोली वजा केली की तळाची उंची मिळते. दोन रेंजिंग रॉड (सर्वेक्षणाच्या रंगीत पट्ट्यांच्या उभ्या काठ्या) काठावर एकामागे एक रोवून ठेवले आणि होडीतून ते एका रेषेत दिसतील असे पाहिले, तर होडी वाऱ्याने भरकटली की लगेच कळते.

मोजायला नायलॉनची दोरी घेऊ नका, ती भिजली की ताणली जाते. फायबरग्लासची मोजपट्टी घ्या आणि तिच्या टोकाला निमुळते वजन न बांधता लोखंडाची चपटी ताटली बांधा. निमुळते वजन गाळात रुतते आणि खोली आहे त्याहून जास्त दाखवते. ताटली गाळावर अलगद बसते, पट्टी एकदम सैल पडते, आणि तो आकडा खरा. जेथे पाणी उथळ आहे तेथे त्याच जागी एक लांब सळई खाली दाबून पाहा. ती मुरमाला लागून अडली की ताटली आणि सळई यांच्या आकड्यांतला फरक ही गाळाची जाडी होय. खांब रोवायचे असतील तर ही जाडी खोलीइतकीच महत्त्वाची ठरते.

मोबाइलमधल्या जीपीएसने उंची काढायच्या फंदात मात्र पडू नका. तिच्यात उभ्या दिशेने काही मीटरची चूक सहज असते, शिवाय उपग्रहाकडून मिळणारी मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात अनेक मीटरचे अंतर आहे आणि प्रत्येक ॲप ते सारख्याच पद्धतीने जुळवते असे नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता

ओळंबा यांनी पद्धत अचूक सांगितली आहे. मी धरणाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण पातळी का आणि केव्हा उतरते हे समजल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ येत नाही.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला प्रकल्पात चार धरणे आहेत. त्यांचा उपयुक्त साठा खडकवासला 1.97, पानशेत 10.65, वरसगाव 12.82 आणि टेमघर 3.71, असा मिळून 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. शहराचे पाणी आणि दौंड, इंदापूरकडे जाणारा कालवा, दोन्ही खडकवासल्यातून निघतात, परंतु खडकवासल्याच्या पोटात मावते ते अगदी थोडे. त्यामुळे पानशेत आणि वरसगावातून पाणी सोडून खडकवासला सतत भरत ठेवावा लागतो. परिणामी खडकवासल्याची पातळी त्या मानाने स्थिर राहते आणि वरची धरणे रिकामी होत जातात. आपला प्लॉट नेमका अशा रिकाम्या होणाऱ्या धरणावर आहे.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. धरणात 50 टक्के पाणी आहे असे वाचले की पाण्याची उंचीही निम्मी झाली असावी, असा समज होतो. दरी वर रुंद आणि खाली निमुळती असल्यामुळे निम्मा साठा वरच्या थोड्याशा उंचीतच सामावलेला असतो. म्हणून डिसेंबरात एक टीएमसी पाणी सोडले तर पातळी जेवढी उतरते, त्याच्या कितीतरी पट ती मे महिन्यात तेवढ्याच पाण्याने उतरते. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, सुरू झाले की काठ रोज मागे सरकताना डोळ्यांनी दिसतो. एजंट मंडळी प्लॉट ऑक्टोबर ते जानेवारी या काळात दाखवतात, ते उगीच नव्हे.

प्रत्येक धरणाचा पातळी आणि साठा यांचा तक्ता असतो, आणि रोजची पातळी नोंदवहीत लिहिलेली असते. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून गेल्या 15 वर्षांतल्या प्रत्येक जूनअखेरची किमान पातळी मागा. नियमाप्रमाणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. सरासरी मागू नका, दरवर्षीचा आकडा स्वतंत्र मागा. आपल्याला वाईटातले वाईट वर्ष पाहायचे आहे. टेमघरचा विचार कोणी करत असेल, तर 2016 साली तेथे गळती आढळली आणि पुढे दुरुस्तीसाठी ते धरण रिकामे करावे लागले, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी काठावरच्या प्लॉटधारकाला कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही.

पवनाकाठ

मी मावळातला. आमच्याकडे पातळी कळायला नोंदवही लागत नाही. पवना धरणाच्या पोटात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते आणि माणसे चालत दर्शनाला जातात. उजनीत पळसदेवाचे तसेच. दिवाळीत ज्या जागेवरून लाँच जाते, त्याच जागेवर मे महिन्यात चपला घालून फिरता येते, हे ज्याने पाहिले आहे तो ‘बारा महिने पाणी’ या शब्दांवर सही करणार नाही.

तीन गोष्टी सांगतो. पाणी मागे गेल्यावर जी जमीन उघडी पडते तिच्यावर गाळपेर होते. सरकार ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या बांधाच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणाची तरी काकडी किंवा भुईमूग उभा असू शकतो आणि त्यातून होडी ओढत नेण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. धरणात ज्याचे घर गेले त्याच्या पिकातून शहरातल्या माणसाची होडी जाणे दिसायलाही बरे दिसत नाही.

दुसरे, ओढ्याच्या तोंडाशी असलेला प्लॉट फार देखणा दिसतो, कारण तेथे पाणी आत वळलेले असते आणि वाराही कमी लागतो. पण प्रत्येक पावसाळ्यात ओढा आपला गाळ तेथेच टाकतो. आजची खोली पाच-दहा वर्षांनी तेवढी राहणार नाही.

तिसरे, तळाशी नुसती माती नसते. धरण भरण्यापूर्वी तोडलेल्या झाडांचे बुंधे, गावठाणातल्या भिंती, जुने बांध आणि विहिरींचे कठडे तसेच आहेत. पाणी गुडघाभर असले तरी होडी तरंगते, पण मोटरच्या पंख्याला बुंधा लागला की पुढची कथा सांगायला नको.

अटलांटाकर

मी मूळची सदाशिव पेठेतली, बरीच वर्षे अमेरिकेत जॉर्जिया राज्यात आहे. येथे तलावाकाठी घर आणि पुढे जेटी ही सर्रास गोष्ट असल्यामुळे खोली तपासण्याची पद्धतही रुळलेली आहे.

आमच्या जवळचा लेक लॅनियर हाही धरणाचाच जलाशय आहे आणि तो अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाच्या ताब्यात आहे. त्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1071 फूट मानतात. येथे घर पाहायला गेल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘पूर्ण पातळीला जेटीच्या टोकाशी किती फूट पाणी आहे?’ कारण 2007 च्या दुष्काळात डिसेंबर महिन्यात हा तलाव 1051 फुटांच्याही किंचित खाली गेला होता. ज्यांच्या जेटीखाली पूर्ण पातळीला 15 फूट पाणी होते, त्यांच्याही जेट्या तेव्हा लाल मातीवर बसल्या होत्या. शेजारच्या टेनेसीत नॉरिस तलाव आहे. तेथे तर दुष्काळाचीही गरज नसते. पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी जागा राहावी म्हणून हिवाळ्यापूर्वी पातळी ठरवूनच सुमारे 20 फूट खाली आणतात. तेथे जुलैत प्लॉट पाहून घेणारा माणूस जानेवारीत डोक्याला हात लावतो.

आपल्याला उपयोगी पडेल अशी आणखी एक बाब. लॅनियरवर काठाची पट्टी सरकारची आहे आणि जेटीचा परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. घर विकले की परवाना आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, त्याला नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून येथे खरेदीच्या करारातच परवाना मिळाला नाही तर व्यवहार रद्द आणि अनामत परत, अशी अट घालतात. तिकडच्या करारात असे लिहून घेता येते का, हे वकील मंडळींनी सांगावे.

कोथरूडचा_नावाडी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतकी माहिती मिळेल असे वाटले नव्हते.

काल रात्री संगणकावर गूगल अर्थमधली जुन्या तारखांची छायाचित्रे काढून बसलो. पावसाळ्यानंतरच्या चित्रांत पाणी आमच्या बांधाशी टेकलेले दिसते. एप्रिल-मे महिन्यांतल्या चित्रांत मात्र बांध आणि पाणी यांच्या मध्ये तपकिरी रंगाचा रुंद पट्टा आहे आणि त्यात पायवाटाही स्पष्ट दिसतात. एका चित्रात त्या पट्ट्यात चौकोनी हिरवे तुकडे आहेत, ती बहुधा पवनाकाठ यांनी सांगितलेली गाळपेरच असावी.

आता दोन प्रश्न उरतात. उतार आणि पातळी यांवरून पाणी किती मागे जाईल हे आधीच काढता येते का? आणि खांबांऐवजी तरंगती जेटी केली तर हा सगळा पेच सुटतो का? शिवाय मेहुण्यांचे म्हणणे असे की, एवढी पातळी हलत असेल तर सरळ खडकवासल्याच्या काठी जागा पाहू.

ओळंबा

उत्तम काम केलेत. त्याला एक पुरवणी जोडा. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रे 2015 पासूनची विनामूल्य मिळतात, तीही काही दिवसांच्या अंतराने. त्यांत 10 मीटरपेक्षा लहान गोष्ट नीट दिसत नाही, पण पाण्याची कडा कळायला तेवढे पुरते. प्रत्येक चित्राची तारीख आणि त्या तारखेची धरणाची पातळी एकत्र मांडली की पाण्याची प्रत्येक कडा ही एक समोच्च (सारख्या उंचीची) रेषा होते. पाण्यात न उतरता तळाचा नकाशा तयार होतो. दाट ढग असलेल्या महिन्यांत ही सोय नाही, परंतु आपल्याला हवे असलेले महिने कोरडेच आहेत.

आता हिशेब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, ते पानशेतचे समजू नका. समजा पूर्ण पातळी 600 मीटर आहे, जूनअखेरची किमान पातळी 580 आहे आणि काठाचा उतार आठास एक, म्हणजे 8 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर खाली असा आहे. पातळी 20 मीटर उतरली म्हणजे पाण्याची कडा 160 मीटर मागे जाईल. पूर्ण पातळीला बांधापासून 30 मीटर लांबीची जेटी केली, तर तिच्या टोकाशी त्या दिवशी पावणेचार मीटर पाणी असेल. ऐकायला भरपूर वाटते, पण पातळी चार मीटर उतरताच जेटी कोरडी पडते आणि उरलेले 16 मीटर ती मातीवर उभी राहते. उतार दोनास एक असेल तर कडा फक्त 40 मीटर मागे जाते. म्हणून चालायला अवघड, खडकाळ आणि तीव्र उताराचा काठ जेटीच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो. सपाट, हिरवळीचा, मुलांना खेळायला छान असा काठ सर्वांत आधी कोरडा होतो आणि नेमका तोच जास्त दराने विकला जातो.

आपल्या होड्यांना किती पाणी लागेल ते पाहू. वल्ह्याच्या होडीला वीतभर पाणीही पुरते. लहान आउटबोर्ड मोटरचा पंखा पृष्ठभागाखाली सुमारे 60 सेंटिमीटर जातो. मेहुण्यांच्या शिडाच्या होडीची मधली फळी खाली सोडली की पाऊण ते एक मीटर पाणी अडते. त्यावर लाटा आणि बुंधे यांसाठी अर्धा मीटर जास्त धरा. म्हणजे ज्या दिवशी होडी काढायची आहे, त्या दिवशी जेटीच्या टोकाशी निदान दीड मीटर पाणी हवे.

तरंगती जेटी पातळीबरोबर वरखाली होते, पण पुढेमागे आपण होऊन सरकत नाही. प्लास्टिकच्या पोकळ ठोकळ्यांची जेटी बोट क्लबवर दिसते, तशी घेतली तरी पाणी मागे गेले की ती ओढत खाली न्यावी लागते, साखळ्या आणि नांगराचे सिमेंटचे ठोकळे हलवावे लागतात आणि काठापासून तेथपर्यंत गाळातून जायला वाट करावी लागते. क्लबकडे त्यासाठी माणसे असतात. उलट जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला की पातळी काही दिवसांत कित्येक मीटर चढते. साखळी आखूड राहिली तर जेटीचे एक टोक पाण्याखाली खेचले जाते. वर्षातून दोनदा पुण्याहून जाऊन एवढी उठाठेव करायची तयारी असेल, तरच तिचा विचार करा.

निवृत्त_शाखा_अभियंता

खडकवासल्याबद्दल. पातळी स्थिर असते हे मी लिहिले ते खरे, परंतु त्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ताब्यात आहे. पीकॉक बे येथे छात्रांचे नौकानयनाचे प्रशिक्षण चालते. उरलेला काठ शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या तोंडाशीच आहे. तेथे खासगी जेटी हा विषय मनातून काढून टाकावा.

आता मुख्य मुद्दा, जो खोलीइतकाच महत्त्वाचा आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी वेगळी आणि पुराच्या वेळची महत्तम पातळी त्याहून वर. भूसंपादन करताना केवळ पाणी उभे राहते तेवढीच जमीन घेत नाहीत, महत्तम पातळीचा विचार करून संपादनाची रेषा ठरते. त्यामुळे खासगी प्लॉट आणि पाणी यांच्या मध्ये, धरण पूर्ण भरलेले असतानाही, सरकारी जमिनीची एक पट्टी असतेच. ‘लेक टच’ म्हणून विकला जाणारा प्लॉट कागदावर पाण्याला लागत नाही. त्याला लागते ती जलसंपदा विभागाची जमीन. जेटीचा पहिला खांबसुद्धा त्या जमिनीवर येणार, म्हणून विभागाची लेखी परवानगी अनिवार्य आहे. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर एकट्या प्लॉटधारकाला ती मिळेल, असे गृहीत धरून पैसे गुंतवू नयेत. काही ठिकाणी बंगलेवाल्यांनी बांधलेल्या जेट्या आपल्याला दिसतील, परंतु दिसणे आणि परवानगी असणे यांत फरक आहे आणि त्या पाडण्याची नोटीस आल्यावर विकणारा एजंट सोबत येत नाही.

मुळशीचे धरण टाटांचे आहे. त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते आणि तेथे पातळी विजेच्या गरजेप्रमाणे हलते. तेथे पाण्यालगतच्या जमिनीसाठी जलसंपदा विभागाऐवजी कंपनीकडे विचारणा करावी लागेल, एवढाच फरक.

सातबारा_वाचक

अटलांटाकर ताईंच्या प्रश्नाचे उत्तर: होय, आपल्याकडेही साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्री करारात) अशी अट घालता येते आणि घालावीच. अमुक तारखेपर्यंत हद्दीची मोजणी, जलसंपदा विभागाकडून बुडीत रेषेबाबतचे पत्र आणि जेटीच्या परवानगीबाबतचे लेखी उत्तर न मिळाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम परत, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. ‘लेक टच’ आणि ‘बारा महिने पाणी’ ही वाक्ये एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवली असतील तर ती जपून ठेवा आणि तीच करारात घालायला सांगा. मालकाची तयारी किती आहे, ते त्याच क्षणी कळेल.

कागदपत्रांत सातबारा आणि फेरफार पाहताना इतर हक्कांचा रकाना नीट वाचा आणि भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा आहे का ते पाहा. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनींवर हस्तांतरणाचे निर्बंध असू शकतात. प्लॉट एनए आहे असे आपण लिहिले आहे, पण आदेशाची प्रत आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. तो आदेश नसेल तर ती शेतजमीनच आहे आणि कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे ती घेण्यासाठी आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेताना मोजणीदाराला खालची हद्द आणि संपादनाचे दगड दोन्ही एकाच नकाशावर दाखवायला सांगा. जागेवर दगड सापडत नाहीत असे उत्तर आले, तर ते हलवले गेले आहेत का, ही शंका घ्यायला हरकत नाही.

मोटर बसवलेल्या होडीची नोंदणी अंतर्देशीय जहाज अधिनियम, 2021 खाली करावी लागते, हेही मेहुण्यांना सांगून ठेवा.

मुळशीकर

मी एवढे सगळे वाचून थोडे वेगळेच सुचवतो. जेटी हवीच कशाला? आम्ही चारजण मिळून होडी चाकांच्या लहान ट्रेलरवर ठेवतो. पाणी जेथे असेल तेथवर, वाट आणि परवानगी असेल त्या काठावरून ती ढकलत नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. वल्ह्याच्या आणि शिडाच्या हलक्या होडीला यापलीकडे काही लागत नाही. प्लॉट आवडला असेल तर तो प्लॉट म्हणूनच तोलून पाहावा, जेटीसाठी म्हणून चढलेला दर त्यातून वजा करून.

कोथरूडचा_नावाडी (धागाकर्ता)

मुळशीकरांचा सल्ला मेहुण्यांना पटला आहे, मला निम्माच पटला आहे. परंतु दराबाबतचे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. त्याच गावात रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या प्लॉटचा आणि याचा दर यांतला फरक मी काढला. तो फरक म्हणजे केवळ ‘लेक टच’ या दोन शब्दांची किंमत आहे.

एजंटला फोन करून सांगितले की मे महिन्याच्या अखेरीस पाणी पाहून मगच इसार देऊ. तोवर भाव वाढतील, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे अपेक्षित उत्तर मिळाले. साठेखतात ‘बारा महिने पाणी’ हे शब्द घालण्याविषयी विचारले, तेव्हा मालकांना विचारून कळवतो म्हणाला. अद्याप कळवलेले नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र केला आहे. मेपर्यंत आमच्या हातात करण्यासारखे आणखी काही आहे का?

ओळंबा

आहे, आणि ते आत्ताच करायला हवे, कारण भरलेले पाणी पुन्हा वर्षभर मिळणार नाही. वारा नसलेल्या दिवशी सकाळी लवकर जा. संथ पाण्याचा पृष्ठभाग ही निसर्गाने फुकट दिलेली लेव्हल आहे. त्या दिवशीची पातळी कार्यालयातून घ्या आणि पाण्याच्या कडेला एखाद्या न हलणाऱ्या कातळावर ऑइलपेंटने खूण करून शेजारी तारीख लिहा. झाडावर किंवा सुट्या दगडावर खूण नको. एखाद्या सर्वेक्षकाला अर्ध्या दिवसासाठी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन सोबत न्या आणि त्या खुणेपासून वर चढत महत्तम पातळीची उंची आपल्या बांधाच्या कोठे येते, ते काढून घ्या. ती बांधाच्या आत आली तर पुढचे काहीही तपासण्याची गरज उरणार नाही.

ती बाहेर राहिली, तर जानेवारी, मार्च आणि मे अशा अंतराने जाऊन त्याच रेषेत पाण्याच्या कडेला पुढच्या खुणा करा, प्रत्येक वेळी त्या दिवशीची पातळी टिपा आणि आधीच्या खुणेपासूनचे अंतर पट्टीने मोजा. जेथे गाळपेर असेल तेथे पेरणाऱ्याला विचारून मगच पुढे जा. बहुतेक वेळा तोच सांगेल की मागच्या वर्षी पाणी कोठपर्यंत गेले होते आणि त्याचे बोट ज्या जागेकडे जाईल, तेथेही एक खूण करून ठेवा.